बर्बेरीनला साथ कोणाची? बर्बेरिसच्या पानांतल्या पंपरोधकाचं प्रकरण

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीला औषधी वनस्पतीचा प्रकल्प घेतला की त्याची वाट बहुधा ठरलेली असते. पानं किंवा मुळं आणायची, सावलीत वाळवायची, दळायची, मेथॅनॉलमध्ये भिजत घालायची, गाळून आटवायची आणि जिवाणू पसरलेल्या म्यूलर-हिंटन अगारच्या प्लेटवर अर्क लावलेल्या सहा मिलिमीटरच्या चकतीभोवतीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला मोकळा पट्टा, मोजायचा. चौदा मिलिमीटर आला, सोळा आला, तक्ता तयार झाला. शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं: सदर वनस्पतीत जिवाणूरोधक गुणधर्म आढळून आले. झोन नाही आला तर वनस्पती बाद.

मला या दोन्ही निष्कर्षांची काळजी वाटते, आणि दुसऱ्याची जास्त. म्हणून इथे एकच प्रकरण सविस्तर मांडतो. २००० साली अमेरिकेतल्या पीएनएएस या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीतले वनस्पतिरसायनतज्ज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि टफ्ट्स युनिव्हर्सिटीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुईस यांच्या गटांनी मिळून केलेलं हे काम आहे. वनस्पती होती बर्बेरिस फ्रेमाँटाय. अमेरिकेच्या नैऋत्य भागात वाढणारं हे काटेरी झुडूप तिथल्या मूळ रहिवाशांच्या औषधोपचारात आहे, आणि आपल्या दारुहळदीचं ते जवळचं नातेवाईक आहे.

कोडं काय होतं

दारुहळदीचं लाकूड तोडलं की आत दिसणारा गर्द पिवळा रंग बर्बेरीनचा. हे अल्कलॉइड दारुहळदीच्या कुळात आणि इतरही काही वनस्पतींत सापडतं. त्याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो. जिवंत जिवाणूच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित असतो, त्यामुळे बर्बेरीन पेशीत ओढलं जातं आणि आत साचू शकतं. आत गेल्यावर ते डीएनएला चिकटतं, पेशीच्या पटलालाही (आवरणालाही) त्रास देतं. कागदावर पाहिलं तर हे चांगलं जहाल जिवाणूनाशक ठरायला हवं.

प्रत्यक्षात ते दुबळं निघतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ थांबवायला बर्बेरीन बहुतेक चाचण्यांत मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅमहून अधिक लागतं. नॉरफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविक औषधाला त्याच जिवाणूसाठी एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात. या आकड्यांवर बर्बेरीन नापास.

मग जे झाड पिढ्यान्‌पिढ्या हे रसायन बनवण्यावर शक्ती खर्च करतं, ते एवढं निरुपयोगी रसायन का बनवत असेल? लुईस यांच्या गटाने हा प्रश्न मनावर घेतला, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं मोल तिथेच आहे. उत्तराचा एक भाग त्यांना १९९८ साली मिळाला होता. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पटलात नॉरए नावाचा एक प्रथिन-पंप असतो. फ्लुओरोक्विनोलोन औषधांना, म्हणजे नॉरफ्लॉक्सॅसिनच्या वर्गाला, दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासातून तो पुढे आला, नावही नॉरफ्लॉक्सॅसिनवरूनच पडलं. पण तो काही एकाच औषधासाठी बनलेला नाही. धनभारित आणि थोडे तेलकट स्वभावाचे नाना तऱ्हेचे रेणू तो आतून उचलतो आणि बाहेर टाकतो. नॉरए जनुक निकामी केलेले जिवाणू घेतले, तर तेच बर्बेरीन त्यांच्यावर कितीतरी कमी मात्रेत चालतं, हे या गटाने दाखवलं.

म्हणजे बर्बेरीनच्या अंगी बळ होतं, पण पेशीत ते टिकतच नव्हतं. भोक पडलेल्या होडीत जेवढं पाणी शिरतंय तेवढं कुणी सतत उपसत बसलं तर होडी बुडत नाही, तसा हा प्रकार होता.

इथून पुढचा तर्क सरळ आहे. जिवाणूकडे पंप आहे आणि झाड तरीही बर्बेरीन बनवतंय, तर पंप बंद पाडणारं दुसरं काहीतरी झाडाकडे असलं पाहिजे. शोधायचं ते हेच.

चाचणीची रचना

नेहमीच्या पद्धतीत अर्काचे भाग पाडतात आणि कोणता भाग जिवाणू मारतो ते पाहतात. इथे तसं केलं असतं तर हवा असलेला रेणू पहिल्याच फेरीत कचऱ्यात गेला असता, कारण तो एकट्याने कोणाचंच काही बिघडवत नाही. म्हणून चाचणीत प्रश्नच बदलला. माध्यमात बर्बेरीन आधीच घालून ठेवायचं, पण इतकं कमी की त्याच्या एकट्याच्या जोरावर वाढ थांबणार नाही. त्यात पानांच्या अर्काचा एकेक भाग मिसळायचा. ज्या नळीत वाढ थांबते, त्या नळीतल्या भागात साथीदार आहे. तोच भाग बर्बेरीनशिवायही लावायचा. तिथे मात्र जिवाणू छान वाढले पाहिजेत.

या दुसऱ्या नळीवर सगळं अवलंबून आहे. ती नसेल तर साथीदार सापडला की आणखी एक जिवाणूनाशक सापडलं, हे सांगताच येत नाही.

असे भाग पाडत, दर टप्प्यावर चाचणी लावत, शेवटी शुद्ध रेणू हाती आला: ५′-मिथॉक्सिहिड्नोकार्पिन, फ्लॅव्होनोलिग्नॅन वर्गातला. स्वतः जिवाणूरोधक नाही. बर्बेरीनसारखा धनभारितही नाही, उलट सौम्य आम्ल आहे. म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या मालाशी त्याचं काही साम्य नव्हतं, तरी पंप त्याने बंद पाडला. बर्बेरीनबरोबर घातला की बर्बेरीनचा प्रभाव जोरदार वाढत होता, आणि नॉरए बाहेर टाकतो त्या इतर रसायनांचाही. याच काळात बर्बेरिसच्या पानांतून आणखी एक साथीदार मिळाला, फिओफॉर्बाइड-ए. तो हरितद्रव्य मोडताना तयार होतो.

हा फिओफॉर्बाइड प्रकाश पडला की सक्रिय होणारा रेणू आहे. हिरव्या पानांचे अर्क तपासणाऱ्याने ते लक्षात ठेवावं. प्लेट उजेडात राहिली की अंधाऱ्या इनक्युबेटरमध्ये, याची नोंद आपल्याकडच्या अहवालांत मला सहसा दिसत नाही. हिरव्या अर्काचा एका प्रयोगशाळेत झोन येतो आणि दुसरीत येत नाही, यामागच्या कारणांत हेही एक असू शकतं.

पंप खरोखर बंद पडला का?

मिश्रणात वाढ थांबली एवढ्यावरून पंप बंद पडला असं म्हणता येत नाही. साथीदाराने पटलालाच भोकं पाडली असतील, तरी बर्बेरीन आत शिरेल आणि निकाल तोच दिसेल. म्हणून पंपाचं काम थेट बघावं लागतं.

त्यासाठी इथिडियम ब्रोमाइड वापरतात. जेलमध्ये डीएनए पाहण्यासाठी वापरतात तेच, हातमोज्यांशिवाय हात लावू नये असं. पाण्यात ते जेमतेम चमकतं, डीएनएला चिकटलं की लख्ख चमकतं. जिवाणूंना उपाशी ठेवून, पंपाला ऊर्जा मिळणार नाही अशा स्थितीत त्यांच्यात हे रसायन भरायचं. मग धुऊन ताज्या द्रावणात घ्यायचं आणि ग्लुकोज द्यायचं. फ्लुओरोमीटरच्या पडद्यावर रेषा उतरू लागते, कारण पंप सुरू झाला आणि इथिडियम बाहेर पडू लागलं. आता साथीदार रेणू घालून हेच पुन्हा करायचं. रेषा उतरली नाही, आडवी राहिली, तर पंप बंद आहे.

५′-मिथॉक्सिहिड्नोकार्पिनच्या बाबतीत इथिडियमचं बाहेर पडणं पूर्ण थांबलं. बर्बेरीनचंही थांबलं. डीएनएला चिकटल्यावर बर्बेरीन स्वतःही चमकतं, त्यामुळे पेशीत ते किती साचलं हे याच तंत्राने कळतं. साथीदार असताना साठा जोरात वाढत होता. वाढीची चाचणी, बाहेर पडण्याची चाचणी आणि साठ्याची चाचणी, तिन्हींनी एकच साक्ष दिली.

पटल फाटल्याची शंका फेडण्याचा आणखी एक सोपा मार्ग आहे. नॉरए नसलेल्या जिवाणूवर तेच मिश्रण लावायचं. पंपच नाही तिथे पंपरोधकाने फारसा फरक पडता कामा नये. पडला, तर त्या रेणूचा मार्ग वेगळा आहे किंवा दुसरा एखादा पंप मध्ये आहे.

कडूकवठीशी नातं

५′-मिथॉक्सिहिड्नोकार्पिनचं नाव हिड्नोकार्पिनवरून पडलं आहे, आणि तिथे हे प्रकरण आपल्या सह्याद्रीत येऊन पोचतं. चौलमुग्रा तेलातला एक किरकोळ घटक म्हणून हा रेणू आधीच नोंदलेला होता. चौलमुग्रा वर्गातलं तेल देणारं आपल्याकडचं झाड म्हणजे हिड्नोकार्पस, कोकण आणि घाटातली कडूकवठ. सुश्रुतसंहितेत तुवरक म्हणून कुष्ठाच्या उपचारात येतं ते हेच मानतात. डॅप्सोन यायच्या आधी कुष्ठरोगावर जगभर याच तेलाचा आधार होता. ते पोटात घेतलं की मळमळायचं, टोचलं की गाठी व्हायच्या. १९१५ च्या सुमाराला हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी तेलातल्या आम्लांचे एथिल एस्टर बनवून ते टोचण्याजोगं केलं. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्या वारल्या, आणि त्यांच्या कामाचं श्रेय त्यांना पुष्कळ उशिरा मिळालं.

यावरून कडूकवठीचं तेल कुष्ठरोगावर पंप बंद करून चालत होतं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. तेलातली मुख्य द्रव्यं म्हणजे हिड्नोकार्पिक आणि चौलमुग्रिक ही मेदाम्लं, आणि तेलाचा गुण सहसा त्यांच्याकडे दिला जातो. किरकोळ घटकाने तिथे काय केलं, हा वेगळ्या प्रयोगाचा विषय आहे.

मूळ की पान

माझ्या मते प्रकरणाचा सगळ्यात बोलका भाग पुढे आला, दुसऱ्या झाडावर. गोल्डनसील, म्हणजे हायड्रॅस्टिस कॅनाडेन्सिस, ही उत्तर अमेरिकेतली बर्बेरीन बनवणारी वनस्पती. बाजारात चालतं ते तिचं मूळ. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतल्या नाद्या चेक यांच्या गटाने २०११ मध्ये मुळांचे आणि जमिनीवरच्या भागांचे अर्क वेगवेगळे काढले आणि प्रत्येकाची बर्बेरीनशी जोडी लावून पाहिली.

हे जोडीचं काम चेकरबोर्ड पद्धतीने होतं. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची, आठ ओळी आणि बारा स्तंभांची. आडव्या दिशेने बर्बेरीन निम्म्या-निम्म्याने उतरत जातं, उभ्या दिशेने अर्क. प्रत्येक खळग्यात मिलिलिटरला सुमारे पाच लाख जिवाणू. रात्रभर ३५ अंशांवर ठेवलं की गढूळ आणि स्वच्छ खळग्यांमधली सीमा दिसते. दोन पदार्थ फक्त शेजारी-शेजारी काम करत असतील तर ही सीमा तिरकी सरळ असते, एकमेकांना साथ देत असतील तर आत खोल वळते. आकड्यात मांडायचं तर प्रत्येकाची मिश्रणातली एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) भागिले एकट्याची एमआयसी, आणि दोन्हींची बेरीज. याला एफआयसी निर्देशांक म्हणतात. ०.५ किंवा कमी आला तर साथ, ४ च्या वर गेला तर विरोध, मधलं सगळं उदासीन.

पानांच्या, म्हणजे जमिनीवरच्या भागांच्या, अर्काचा निर्देशांक आला ०.३७५. मुळाच्या अर्काचा ०.७५. इथिडियमचं बाहेर पडणंही पानांच्या अर्काने रोखलं, मुळाच्या नाही.

औषध म्हणून विकलं जातं ते मूळ, आणि पंप थोपवणारे रेणू पानांत. बर्बेरिस फ्रेमाँटायचा साथीदारही पानांच्याच अर्कातून आला होता. अख्खी वनस्पती शुद्ध रसायनापेक्षा नेहमी सरस असते, हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि २००० सालचा हा शोधनिबंध त्याला पुरावा म्हणून दाखवला जातो. पुरावा आहे, पण एवढ्याचाच: या वनस्पतीच्या या भागात, या जिवाणूच्या या पंपाविरुद्ध, या दोन रेणूंची साथ आहे. मुळाचा काढा पिणाऱ्याला पानातला रेणू मिळत नाही. परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तिच्या नावावर तिने न केलेला दावा खपवू नये असं वाटतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बर्बेरीन एकटं तपासून दारुहळदीला दुबळं ठरवणंही चूक. २००२ मध्ये लुईस यांच्या गटाने अनेक वनस्पतिजन्य जिवाणूरोधकांची चाचणी पंप चालू आणि पंप बंद अशा दोन्ही स्थितींत घेतली. रेवंदचिनीतलं ऱ्हाइन पंप बंद असताना जिवाणूच्या जातीप्रमाणे १०० ते २,००० पट प्रभावी ठरलं. चित्रकाच्या मुळातलं प्लंबॅजिन आणि बर्बेरीन यांच्यातही तशीच वाढ दिसली. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर वनस्पतींचे अर्क चालत नाहीत, असं आपण सरसकट लिहितो. बाहेरचं पटल आणि पंप यांच्या जोडीने ते अडवलं जातं, असं लिहिलं तर पुढचा प्रयोग सुचतो.

औषध का झालं नाही

पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी ५′-मिथॉक्सिहिड्नोकार्पिन दुकानात नाही. जिवाणूंचा पंप रोखणारं कोणतंच औषध आजवर रुग्णांसाठी मंजूर झालेलं नाही. नॉरए हा स्टॅफिलोकॉकसच्या अनेक पंपांपैकी एक. एकाला रोखलं तर दुसरा काही भार उचलतो. शिवाय दोन रेणूंचं औषध करायचं तर दोन्ही एकाच वेळी, योग्य प्रमाणात, जखमेपाशी किंवा रक्तात पोचले पाहिजेत, आणि बर्बेरीन तर आतड्यातूनच फार थोडं शोषलं जातं. सर्पगंधेतलं रेसर्पिन नॉरएला रोखतं हे याआधीच माहीत होतं, पण त्याला लागणारी मात्रा माणसाला सोसण्याजोगी नाही. त्यामुळे ते प्रयोगशाळेत तुलनेसाठी वापरतात. २००६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने मिऱ्यातलं पायपरीन सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा स्टॅफिलोकॉकसवरचा प्रभाव वाढवतं, असं दाखवलं. त्याच वर्षी लुईस यांच्या गटाने वेगळी युक्ती केली: बर्बेरीन आणि एक कृत्रिम पंपरोधक हे रासायनिक बंधाने एकाच रेणूत जोडले, म्हणजे दोघं बरोबरच पोचतील. सूक्ष्म कृमींमधल्या संसर्गावर तो रेणू चालला.

दारुहळदीवर हे करायचं असेल तर

पहिली अडचण नमुन्याचीच. महाराष्ट्रातल्या बाजारात दारुहळद म्हणून मिळणारी काष्ठौषधी हिमालयातली बर्बेरिस अ‍ॅरिस्टाटाच असेल असं नाही. दक्षिणेत कॉसिनियम फेनेस्ट्रेटम या वेलीचं खोड त्याच नावाने चालतं, त्यातही बर्बेरीन असतं, म्हणून पिवळ्या रंगावरून फसगत होते. ती वेल आता अतिशय दुर्मीळ झाली आहे, हे आणखी वाईट. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात नमुना ओळखून घेता येतो. तो नोंदवून ठेवल्याशिवाय पुढच्या कामाला अर्थ नाही. पानं हवी असतील तर दुकानातल्या वाळल्या काड्यांचा उपयोगच नाही, ती झाडावरूनच आणावी लागतील.

दुसरी गोष्ट झोनची. चकतीची चाचणी प्राथमिक चाळणी म्हणून ठीक आहे. पण झोन केवळ प्रभावाने ठरत नाही. पदार्थ अगारमधून किती पसरतो यानेही ठरतो. पाण्यात न विरघळणारे रेणू चकतीपाशीच बसून राहतात. त्यामुळे दोन वनस्पतींचे झोन शेजारी ठेवून कोणती सरस हे ठरवता येत नाही. एमआयसी काढावी. स्पेनचे रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्येच सुचवलं होतं की अर्काला मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर त्याला प्रभावी म्हणू नये, आणि शंभर मायक्रोग्रॅमच्या आत काम होत असेल तरच उत्सुक व्हावं. ही कसोटी एकट्याने मारणाऱ्या अर्कासाठी आहे. साथ देणाऱ्याला ती लावू नये. त्याची स्वतःची एमआयसी सापडतच नसेल तर एफआयसीही नीट काढता येत नाही. अशा वेळी बर्बेरीनची एमआयसी किती पट उतरली तेवढंच सांगावं, आणि निदान चौपट उतरल्याशिवाय साथ म्हणू नये. एका खळग्याचा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो.

मी अशा प्रकल्पात पहिल्या प्लेटवर चारच गोष्टी मागेन: फक्त डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्रव), फक्त पानांचा अर्क, फक्त कमी मात्रेतलं बर्बेरीन, आणि दोन्ही मिळून. हिरव्या-पिवळ्या रंगात गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाढ रेझाझुरिनने (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या द्रव्याने) तपासावी. शंका राहिली तर खळग्यातला थेंब साध्या अगारवर पसरून वसाहती मोजाव्यात. शेजारी तीच प्लेट रेसर्पिन घालून, आणि मिळाला तर नॉरए नसलेल्या जिवाणूवर. पहिल्या तिन्हींत जिवाणू वाढले, चौथ्यात थांबले आणि पंप नसलेल्या जिवाणूत अर्काने फरक पडला नाही, तर त्या पानांचा अर्क भाग पाडायला घ्यावा. चौथ्यातही वाढले, तर दुसऱ्या ऋतूत तोडलेली पानं आणून तीच प्लेट पुन्हा लावावी.